पैशाने क्षेत्र बदललं, माणसाचं काय? : खानदेशातला एक वाद

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात देशांचा एक ठरलेला प्रवास असतो : आधी शेती, मग कारखाने, शेवटी सेवा. खानदेशात हा प्रवास झाला का, आणि झाला तर कोणाचा झाला, यावरचा हा वाद. भाची जळगावच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मामा धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले कापूसवाले शेतकरी. मधली काही वर्षं त्यांनी भागीदारीत जिनिंगही चालवलं. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांचं म्हणणं धुळे-जळगावात कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळतं.

भाची : मामा, परवा लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणालात, शेती बुडाली आणि आता देशही बुडणार. तेव्हा पंगत चालू होती म्हणून गप्प बसले. १९५०-५१ मध्ये देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याहून जास्त होता, आज तो १८ टक्क्यांच्या आसपास आहे. पण शेतमाल त्या वेळेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त पिकतो. बाकीचे धंदे त्याहून जोरात वाढले, म्हणून शेतीचा वाटा लहान दिसतो. याला बुडणं म्हणत नाहीत.

मामा : वाटा किती घटला ते सांगितलंस. वाटेकरी किती घटले ते सांग.

भाची : १९५१ मध्ये काम करणाऱ्या शंभरांपैकी सत्तरच्या आसपास लोक शेतीवर होते. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात ते ४६ आहेत.

मामा : म्हणजे शंभर रुपयांतले अठरा रुपये शेहेचाळीस जणांनी वाटून घ्यायचे आणि ब्याऐंशी रुपये चोपन्न जणांनी. मग मी बुडाली म्हणालो तर काय चुकलं?

भाची : चुकलं ते निदान. या हिशेबातून निघतं ते एवढंच की शेतीत माणसं जास्त झाली आहेत आणि त्यांना बाहेर वाट हवी आहे. कॉलिन क्लार्कने १९४० मध्ये अनेक देशांचे आकडे मांडून हेच दाखवलं. उत्पन्न वाढतं तशी माणसं शेतातून कारखान्यात आणि तिथून व्यापार, वाहतूक, शिक्षण, दवाखान्यांकडे सरकतात. कारण उघड आहे. कमाई दुप्पट झाली म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. तो कपडा घेतो, मोबाइल घेतो, पोराला क्लास लावतो. दक्षिण कोरियात १९६३ मध्ये साठ टक्क्यांहून जास्त कामकरी शेतीत होते, १९९० मध्ये वीस टक्क्यांच्या आत आले. एका पिढीत.

मामा : कोरियात कारखाने पोरांची वाट बघत होते. इथे कोण वाट बघून राहिलंय? आणि तुझा तो क्रम खानदेशात कधी लागलाच नाही. आमच्याकडे पहिली आली रेल्वे. तुझ्या वर्गवारीत ती सेवा ना? १८६० च्या दशकात भुसावळला रूळ पोचले. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलेली, मँचेस्टरला कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. रूळ आले आणि कापूस मुंबईच्या बंदराकडे निघाला. गिरणी त्यानंतरची. जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली, अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.

भाची : क्रम पुढेमागे झाला, पण गिरणी आली तेव्हा तिने काय केलं ते बघा. अमळनेरला गिरणीवाल्या प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. त्यांच्या नावाच्या हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी मास्तर होते. पुढे प्रताप कॉलेज निघालं. जळगावच्या कॉलेजलाही गिरणीवाल्या मूळजी जेठांचं नाव आहे. कापूस, सूत, शाळा : एकाच्या नफ्यातून दुसरं उभं राहिलं. नुसत्या कोरडवाहू कापसावर हे झालं नसतं.

मामा : आणि पुढे? खानदेश मिलचा भोंगा जिथे व्हायचा तिथे आता खानदेश सेंट्रल आहे. मॉल. तुझ्या पुस्तकात ही पुढची पायरी. गिरणीत कायम असलेल्या कामगाराला फंड होता, ग्रॅच्युइटी होती, युनियन होती, आजारपणाची रजा होती. त्याचा नातू आज कुठल्या तरी मॉलच्या दारात कंत्राटी रखवालदार आहे. गणवेश दोघांना मिळाला. पण आजोबांनी गिरणीच्या पगारावर घर बांधलं, नातू भाड्याच्या खोलीत राहतो.

भाची : हे मी खोडणार नाही. डॅनी रॉड्रिक नावाच्या अर्थतज्ज्ञाने २०१६ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं. इंग्लंड-जर्मनीतले कारखाने ओसरले ते देश श्रीमंत झाल्यावर. आपल्यासारख्या देशांत ते श्रीमंती यायच्या आधीच ओसरायला लागतात. देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याच्या वर गेला, पण त्यांत कामाला असलेली माणसं तीस टक्क्यांच्या आसपास. कारखानदारीत तर अकरा-बारा टक्केच. मधलं दालन भरण्याआधीच पुढचं उघडलं. पण गिरणीचे गोडवे तरी किती गायचे? तिथे तंतूंची धूळ छातीत जायची, रात्रपाळ्या असायच्या. जुनी यंत्रं बदलायला हव्या त्या वेळी बदलली नाहीत, तिकडे यंत्रमागाचं कापड स्वस्त पडायला लागलं.

मामा : गोडवे नाही गात. मालकाने नफा कुठे नेला ते विचारतोय.

भाची : मग तुमच्याच खानदेशातलं उदाहरण घेऊ. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली. एम. एच. प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, कारण भुईमूग या पट्ट्यात पिकायचा. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण, हा त्यांचा माल. १९६६ मध्ये वडील वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. ऐंशीच्या दशकात कंपनी संगणकाकडे वळली. तीच विप्रो. शेंग, तूप, सॉफ्टवेअर. शेती, उद्योग, सेवा हा अख्खा प्रवास एका कंपनीने करून दाखवला, आणि सुरुवात बोरी नदीच्या काठावरून केली.

मामा : कंपनीने केला. अमळनेरने केला का? शेंगांची पोती वाहणारा हमाल, तेलाच्या घाणीवरचा माणूस, साबणाच्या वड्या कापणारा, यातला कोण बंगळुरूला संगणकावर जाऊन बसला? अमळनेरात ज्यांनी ते शेअर घेऊन पेटीत ठेवले आणि मोह आवरला, त्यांची घरं सोन्याची झाली, हे मी मानतो. पण ते पैसेवाल्यांना मिळालं, मजुरांना नाही. पैशाला क्षेत्र बदलायला संचालकांची एक बैठक पुरते. माणसाला एक पिढी लागते, आणि ती पिढी काय खाऊन जगणार हे तुझ्या कुठल्याच तक्त्यात नसतं.

भाची : हे तुम्ही बरोबर बोललात. पण पिढी लागते याचा अर्थ सुरुवात आजच करायला हवी, हाच ना? हमाल नाही गेला बंगळुरूला, त्याची नात जाऊ शकते. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला झालं. आज त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. माझ्या वर्गात निम्म्या मुली खेड्यांतून एसटीने येतात. त्यांच्या आजीला सही येत नव्हती.

मामा : आणि डिग्री घेऊन त्या जातात कुठे? पुण्याला. चाकणला, हिंजवडीला. पिकवायचं खानदेशाने, खायचं दुसऱ्यांनी. कापसाचं तसंच पोरांचं. जिनिंगमध्ये मी हे रोज बघितलंय. दसऱ्याला काट्याची पूजा होऊन मुहूर्ताची खरेदी व्हायची. आवारात कापसाचे पांढरे ढीग लागायचे. शेतकऱ्याची गाडी आली की ग्रेडर मूठभर कापूस उचलून दाबायचा, बोटांनी धागा ओढून बघायचा, मग ओलाव्याचं यंत्र खुपसायचा. आठ टक्के ओलावा निघाला तर ठीक, बाराच्या वर गेला की भांडण. एका क्विंटलला साधारण पस्तीस किलो रुई, बाकी सरकी आणि घट. पाच क्विंटल कापसातली सरकी काढली तेव्हा १७० किलोची एक गाठ बांधली जायची. सरकी तेलाच्या घाणीला, ढेप म्हशीला. आणि गाठ? ट्रकवर चढली की गुजरातला, नाहीतर दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना. गाठ फाटकाबाहेर पडली की खानदेशाची कमाई संपली. सूत, कापड, रंग, शिवण, या प्रत्येक टप्प्यावर पैसा वाढतो, पण तो वाढतो दुसऱ्या गावात.

भाची : मग सूतगिरण्या काढल्याच ना तुम्ही लोकांनी? सहकारी. धुळ्याची जवाहर, शिरपूरची प्रियदर्शिनी. साखर कारखानेही काढले. साक्रीकडचा पांझराकान, चाळीसगावचा बेलगंगा. त्यांचे गळीत हंगाम का थांबले? त्याला पुण्याचे लोक जबाबदार आहेत का?

मामा : नाही. तिथे आमच्याच लोकांनी खाल्लं, आणि आम्हीच त्यांना निवडून दिलं. मी आंधळा नाही, पोरी. पण पांझरेच्याच काठावर फड पद्धतही होती. काही शतकं चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, गावाने कुठल्या फडात कुठलं पीक ते ठरवायचं, पाटकरी सगळ्यांना पाणी पोचवायचा, आणि पाणी कमी असलं की सगळ्यांचं कमी. आमच्या लोकांना वाटून खायची रीत माहीत होती. कारखान्यात ती नेली नाही, एवढंच.

भाची : जैनांचं उदाहरण तुम्ही अजून कसं काढलं नाही याचं मला आश्चर्य वाटतंय.

मामा : राखून ठेवलं होतं. भवरलाल जैन जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. रॉकेल विकण्यापासून सुरुवात केलेला माणूस. १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा बंद कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकातून पपेन काढायला लागला. मग पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग ऊतीसंवर्धित केळीची रोपं. हा माणूस शेतीतून कारखान्यात गेला आणि तो कारखाना परत शेताकडे वळवला. रावेर-यावलची केळी आज कुठल्या कुठे गेली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतीतल्या माणसाला उचलून दुसरीकडे न्यायची गरज पडली नाही. त्याच्याच बांधावर त्याची कमाई वाढली. ही वाट तुझ्या क्लार्कला माहीत होती का?

भाची : क्लार्कला नसेल, पण हिशेब तोच आहे. ठिबकने माणसामागचं आणि पाण्यामागचं उत्पादन वाढलं, म्हणून तर कमी माणसांत जास्त पीक निघायला लागलं. उरलेल्या माणसांना काम कोणी दिलं? पाइपच्या कारखान्याने, रोपवाटिकेने, केळीच्या ट्रकने, पॅकिंगच्या शेडने. क्षेत्र बदललंच की. फक्त ते दहा कोसांच्या आत बदललं. आणि दुसरी बाजूही बघा. केळी पाण्यावर जगते. रावेर-यावलमध्ये बोअर किती खोल गेले ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा. तुमच्या शिंदखेड्यात ती वाट चालेल? तापी जवळ असून पाणी शेतात येत नाही.

मामा : नाही चालणार. माझा कापूस कोरडवाहू. एकरी चार-पाच क्विंटल आला तर देव पावला. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. पाच क्विंटलचे साडेसदतीस हजार धर. त्यातून बी, खत, फवारणी, निंदणी आणि वेचणी काढ. वेचणीलाच किलोमागे दहा-पंधरा रुपये. उरतं त्यात एका पोराचं लग्न होत नाही. आणि लग्नाचं म्हणशील तर मुलीच येत नाहीत. शेती आहे म्हटलं की पाहुणे विचारतात, नोकरी कुठे?

भाची : हेच तर मी सुरुवातीपासून सांगते. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी वहिती क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टर. तुमच्या आजोबांच्या वीस एकरांचे तुमच्या वाट्याला पाच आले. त्याचे दोन मुलांत अडीच-अडीच. ठिबक लावा, बीटी लावा, हमीभाव वाढवा. अडीच एकर कोरडवाहूत संसार कसा चालणार?

मामा : नाही चालत. म्हणून तर धाकट्याला सुरतेला पाठवला.

भाची : मग तुम्ही स्वतःच क्षेत्र बदललंत.

मामा : बदललं, पण घर फुटलं. उधना, लिंबायत, दिंडोली, तिकडे जा, गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येईल. तापी सुरतेकडे वाहते, तिच्या मागोमाग आमची पोरं गेली. कोणी साडीच्या मार्केटमध्ये, कोणी लूमवर, कोणी रिक्षा चालवतो. उद्योग वाढला तो सुरतेचा. आमच्याकडे दिवाळी-आखाजीला गाड्या भरून माणसं येतात, आठ दिवसांनी परत जातात. आणि शेत कोण बघतं? त्याची बायको आणि माझी म्हातारी.

भाची : हे वाक्य माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगतं. ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत आहेत. पुरुष सुरतेला, नाशिकच्या एमआयडीसीत, धुळ्याच्या हायवेवरच्या ट्रकवर. कापूस वेचायला बाई. सातबाऱ्यावर बहुतेकदा तिचं नाव नसतं, म्हणून पीककर्जही तिच्या नावाने मिळत नाही. पुस्तकातल्या प्रवासाने ज्याला शेतीतून बाहेर काढलं तो पुरुष होता. बाईला त्याने शेतीच्या आणखी आत ढकललं. कोरियाच्या कापड कारखान्यांत पहिल्या रांगेत तरुण मुली होत्या. आपल्याकडे सूतगिरणीच्या दारात त्या अजून मोजक्या दिसतात.

मामा : त्यांना रात्रपाळीला गाडी कोण देणार, राहायला जागा कोण देणार?

भाची : जो कारखाना काढतो त्याने, आणि जे सरकार त्याला जमीन देतं त्याने. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटरचा मार्ग, धुळ्यावरून जाणारा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग धुळ्यात आधीच एकमेकांना छेदतात. दीडशे वर्षांपूर्वी रूळ आले तेव्हा ते कापूस बाहेर न्यायला आले. आता नवे रूळ येतील तेव्हा त्यांच्यावर काय चढणार, गाठ की कापड, हे आता ठरवायचं आहे.

मामा : कापड चढलं तर मला आनंद आहे. पण माझ्या मनात दुसरी भीती आहे. लॉकडाउनमध्ये धाकटा सुरतेहून परत आला. मार्केट बंद, लूम बंद. सात महिने घरी होता. मालकाने एक रुपया दिला नाही. त्याला जगवलं कोणी? या पाच एकरांनी.

भाची : आणि तो एकटा नव्हता. शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. २०२०-२१ मध्ये तो ४६.५ झाला. शेतीतून माणसं निघाली होती ती परत शेतात आली, आणि २०२३-२४ मध्येही आकडा तिथेच अडकलेला होता. माझ्या विषयात घड्याळाचे काटे असे उलटे फिरलेले फारसे बघायला मिळत नाहीत.

मामा : मग सांग, शेती हा धंदा आहे की बेकारी भत्ता?

भाची : दोन्ही. आणि ती दोन्ही असल्यामुळे धंदा म्हणून ती वाढत नाही. अडीच एकरांचा तुकडा कोणी विकत नाही, कसायलाही देत नाही, कारण सुरतेची नोकरी कधी जाईल याचा भरवसा नाही. नोकरी पक्की नाही म्हणून जमीन सुटत नाही. जमीन सुटत नाही म्हणून वहिती तुकड्यांची राहते. तुकड्यावर भागत नाही म्हणून पुन्हा कच्ची नोकरी. नुसते कारखाने आणून हे चक्र तुटणार नाही. त्या कारखान्यातली नोकरी अशी हवी की ती सुटली तरी सहा महिने घर चालेल. फंड, विमा, लेखी नेमणूक. म्हणजे मग माणूस मनापासून शेत सोडेल, आणि जो मागे राहील त्याला ते कसायला मिळेल.

मामा : म्हणजे तुझंही म्हणणं आता माझ्यासारखंच झालं. आकडा वाढला, वाटा घटला, यात काही नाही. निघालेला माणूस दुष्काळात, मंदीत परत बांधावर येतो की नाही, हे बघायचं.

भाची : एवढं माझं तुम्हाला मान्य असेल तर तेवढं तुमचं मला मान्य आहे. फरक उरतो तो एकाच गोष्टीत. ती नोकरी इथे तयार होईपर्यंत तुम्ही पोराला काय सांगणार?

मामा : सातबारा सोडू नको.

भाची : आणि मी सुनेला सांगेन, सातबाऱ्यावर आधी तुझं नाव लावून घे, आणि मुलीला अकरावीला विज्ञान घ्यायला लाव. वादात तुम्ही जिंकलात तरी चालेल, मामा, पण अडीच एकरांच्या भरवशावर तिला बसवू नका.